घरातून जाणारी वाट

आमच्या घरमालकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय लक्षात राहत. लग्न होऊन मी चांद्याला आले (तेव्हा त्या गावाला चंद्रपूर कुणी म्हणत नसे) आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पावलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमी टाचेवर जोर देता. डाव्या टाचेवर. चप्पल लवकर झिजन." मी नागपूरची, तोंडाने काही कमी नाही; पण नव्या नवरीला पहिल्याच भेटीत असं कुणी बोलेल याची तयारी नसते. मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. वाईट म्हणजे पुढे डावी चप्पल खरंच आधी झिजली, आणि ते मी घरमालकांना कधी कळू दिलं नाही.

सगळी वस्ती त्यांना भाऊ म्हणे, म्हणून आम्हीही भाऊच म्हणू लागलो. उभा जन्म त्यांनी सडकेवर मुकादमी केली होती. मुरूम टाकून घ्यायचा, पाणी मारून घ्यायचं, धुम्मसाने दाबून घ्यायचा आणि पावसाळ्यात वाहून गेला की पुन्हा टाकून घ्यायचा. पेन्शनीत निघाले तरी खाकी कोट अंगावरून उतरला नव्हता. त्याच्या पितळी गुंड्या ते चिंचेने घासत. रस्त्यात दगड दिसला की वाकून उचलायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा. संध्याकाळी मावशी, म्हणजे त्यांची बायको, ते खिसे अंगणात उलटे करायची आणि एकेक दगड कुंपणापलीकडे असा भिरकवायची की दगडाला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. कुणाच्या घरी बारशाला गेले तरी भाऊ आधी काठीने जमीन ठोकून पाहत. "भराव कच्चा हाय," असं यजमानाला सांगून मग पाळण्याकडे वळत. आणि बातमी जन्माची असो की मरणाची, त्यांचं बोलणं एकच, "चालू द्या." एकदा शेजारच्या शिंप्याने डोळे पुसत सांगितलं, सासू गेली. भाऊ म्हणाले, "चालू द्या." शिंप्याने त्या दिवाळीत त्यांचा सदरा शिवायला नकार दिला.

चांद्याला चहूकडून परकोटाची उंच दगडी भिंत. खरं गाव आत. दुकानं, कचेऱ्या, देवळं सगळी आत. जटपुरा गेटाबाहेर तेव्हा धानाचे बांध, पळसाची झुडपं आणि त्यांत नव्याने उठलेली पाच-दहा कवेलूची, कौलारू घरं. गावातले लोक आम्हाला 'गेटाबाहेरचे' म्हणत, जरा नाक वर करून. आम्हाला हवा होती आणि त्यांना नव्हती, एवढं सोडलं तर त्यांचं नाक वर असायला हरकत नव्हती. आमचं घर त्या वस्तीत अगदी टोकाला होतं, त्याच्या मागे जंगलाकडे जाणारं माळरान.

भाऊंनी जागा घेतली तेव्हा तिच्यावरून एक पायवाट जात होती. जंगलातल्या गोंड गावांमधून बाया डोक्यावर मोळ्या, पत्रावळीची पानं, मोहफुलं, चारोळी घेऊन बाजाराला येत, त्यांची ती वाट. जागा विकणाऱ्याने सांगितलं होतं, घर उठलं की वाट आपोआप बाजूला सरकते. गवंड्याने पाया आखायला दोरी लावली. सकाळी बाया आल्या आणि दोरी ओलांडून गेल्या. पाया खणला, तर त्यात उतरून पलीकडे चढून गेल्या. भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या तरी त्या तिथूनच. दुसरा कुणी असता तर काठी घेऊन धावला असता. भाऊ समोर दगडावर बसून पाहत राहिले आणि गवंड्याला म्हणाले, "त्या जिथून जाते, तेवढं सोडून बांध गा." गवंडी सोडत गेला. भिंत वर गेली तशी फट वर गेली, आणि शेवटी तिला चौकट बसवावी लागली, मागे एक आणि पुढे एक, दोन्ही डोक्यावरच्या मोळीच्या मापाने उंच. अशी ती वाट घरात आली. वाट तिरपी होती म्हणून मधली खोलीही तिरपी झाली, आणि त्या खोलीत पलंग कधी धड भिंतीला लागला नाही. यावरून कुणी हसलं की भाऊ म्हणत, "सडक सरकार आखते. वाट पाय आखते. पायायले कोन शिकवन?"

हे सगळं घर दाखवताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उजवीकडच्या दोन खोल्या आमच्या, डावीकडे मालकांचं बिऱ्हाड, मधली तिरपी खोली दोघांची. पहिल्या सकाळी मी मधल्या खोलीत आरशासमोर बसून वेणी घालत होते. आरशात मला मागच्या दारातून एक बाई आत येताना दिसली, डोक्यावर मोळी. माझ्याकडे पाहून ती छान हसली आणि पुढच्या दाराने निघून गेली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे एक म्हातारी. मी किंचाळून यांना हाक मारली. हे राखुंडी लावलेल्या तोंडाने धावत आले आणि बायांना पाहून तसेच दाराआड लपले, कारण अंगात नुसती बनियन होती. मी चुलीशी बसलेल्या मावशीला विचारलं, "हे घर आहे की धर्मशाळा?" मावशी फुंकणी खाली न ठेवता म्हणाली, "धर्मशाळेले चार पैसे तरी भेटते, बाई."

पण खरी गंमत पुढच्या दारात होती. तिथे खाकी कोट घालून, काठी घेऊन भाऊ खुर्चीवर बसलेले असत, आणि प्रत्येक बाई जाताना त्यांच्या पायाशी काहीतरी ठेवायची. मोळीतलं एक लाकूड, ओंजळभर मोहफुलं, पानाच्या द्रोणात चारोळी, कधी पिकलेली टेंभरं. कारण साधं होतं. जंगलातून माल बाहेर न्यायचा तर जमीनदाराच्या नाक्यावर काहीतरी ठेवूनच पुढे जायचं, हे त्यांना आजी-पणजीपासून ठाऊक. जमीनदाऱ्या नुकत्याच मोडल्या होत्या, पण ते या बायांना कुणी जाऊन सांगितलं नव्हतं. वाटेवर घर, घराला समोरासमोर दोन दारं, दारात खाकी कोट. हा नाका नाही तर काय?

पहिल्या दिवशी भाऊंनी हात जोडून सांगितलं होतं म्हणे, "माय, हा नाका नाई. हे माहं घर हाय. घेऊन जा आपलं." बाया घाबरल्या. त्यांना वाटलं, एवढ्यात साहेबाचं भागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन-दोन लाकडं ठेवली. भाऊंनी कोट काढून पाहिला, तर साहेब आजारी दिसतो असं समजून एकीने कसलीशी मुळी उगाळून घ्यायला आणून दिली. शेवटी भाऊंनी दारात पाण्याचा रांजण मांडला. बाईने काही ठेवलं की ते तिला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा द्यायचे. या नाक्यावर साहेबच गूळपाणी देतो, ही बातमी जंगलात पसरली आणि वाटेवरची माणसं वाढली. मावशीला चुलीसाठी सरपण कधी विकत घ्यावं लागलं नाही, आणि या गोष्टीची तिला कुणी आठवण करून दिलेली आवडत नसे.

यात हाल झाले ते यांचे. हे जंगल खात्यात कारकून. कारकुनाच्या राहत्या घरी खाजगी नाका चालतो असं कुणी वर कळवलं तर नोकरी जायची, या धास्तीने हे बायांच्या वेळेला घरात थांबत नसत. कचेरीत जायचं ते घराच्या बाजूच्या सांदवाडीतून, वांग्यांच्या वाफ्यावरून आणि काट्यांच्या कुंपणावरून उडी मारून. पँट फाटायची, मी शिवायची. भाऊ एकदा यांना म्हणाले, "बाबू, इतकी रुंद वाट घरातून गेली हाय आन् तुमी कुंपनावरून काऊन जाता?" यांनी त्या दिवशी फक्त कुंपणाची दुसरी बाजू निवडली.

मावशीचा आणि त्या दाराचा उभा दावा. रोज सकाळी ती खोली सारवायची आणि शेण ओलं असतानाच त्यात पावलं उमटायची. भाऊ वाकून ती पावलं वाचत. "आज ते म्हातारी नाई आली. हे नवीन हाय कोनी. पोटुशी दिसते, पाय फाकवून टाकते." मावशी कपाळावर हात मारायची. "माह्या नवऱ्याले बायकोचं तोंड दिसत नाई, जगाच्या बायायचे पाय दिसते." दार बुजवा, हे ती त्यांना रोज सांगायची, भाकरी थापताना सांगायची, धान पाखडताना सांगायची. भाऊ ऐकून घेत आणि गुळाचे खडे फोडत बसत.

एका आश्विनात मावशीला हिवताप आला. चांद्याचा हिवताप म्हणजे थंडी भरली की माणसासकट खाट हलायची. त्यांची मुलगी सिंधू आणि मी, दोघी धावपळ करत होतो. भाऊ घाबरून नुसतं पाणी तापवत होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मोळीवाली म्हातारी आत आली, खाटेकडे पाहिलं, मोळी भिंतीला टेकवली आणि मावशीचे पाय चेपत बसली. बाजार टळला तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बसली. त्यांनी आपसांत काय ठरवलं होतं कोण जाणे. मावशी हिंडू-फिरू लागेपर्यंत रोज कुणी ना कुणी बसली. बरं वाटल्यावर मी मावशीला म्हटलं, "पाहिलंत ना, त्या बाया होत्या म्हणून." ती म्हणाली, "हात लय खरबड होते वो त्यायचे. कातडी सोलून काढली माही." आणि दुसऱ्या सकाळपासून दारावरून भांडण पहिल्यासारखं सुरू.

आता या भांडणाला धार आली ती सिंधूच्या लग्नामुळे. सिंधू एकुलती एक. सावळी, अबोल, कामाला चटपटीत, आणि त्या काळाच्या मानाने लग्नाचं वय होऊन गेलेली. तिला पाहायला दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांचे पोहे चालू असताना मधून मोळ्या गेल्या होत्या. पहिले म्हणाले, कळवतो. दुसऱ्यांनी तेवढंही म्हटलं नाही. परकोटाच्या आत मात्र सांगत फिरले की असल्या चव्हाट्यावर वाढलेली पोरगी कोण करणार? ते सिंधूच्या कानावर आलं. तेव्हापासून बाया जायच्या वेळेला ती सांदवाडीत जाऊन बसू लागली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला भाऊंचा रागही यायचा. स्वतःच्या छंदापायी पोरीचं आयुष्य असं कुणी वाटेवर टाकतं का?

मग मूल गावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. त्याचे वडील धानाच्या गिरणीत मुनीम. घरात आई नाही. विधवा आत्याने त्याला वाढवलेला. मावशीने भाऊंसमोर पदर पसरला. "एक दिवस. फकस्त एक दिवस ते दार लावा. मी तुमाले अजून काई मांगनार नाई." भाऊंनी काठीने जमीन ठोकली. मग म्हणाले, "लावतो."

लावणं सोपं नव्हतं. घर झाल्यापासून ते मागचं दार कधी मिटलं नव्हतं. बिजागऱ्या गंजलेल्या. भाऊंनी त्यांना तेल पाजलं आणि भाऊ, हे आणि मी, तिघांनी रेटून दार मिटवलं. तरी खाली चार बोटं उजेड राहिलाच, कारण पायांनी उंबरठा मधोमध झिजला होता. भाऊंनी अडसर सरकवला आणि हात झटकले.

पाहुणे छोट्या रेल्वेगाडीने आले. मुलगा, वडील, आत्या. वडिलांच्या अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. मावशीने त्यांना मानाची म्हणून पुढच्या दाराजवळची भाऊंची खुर्ची दिली. पोहे झाले चांगले. वडील धानाबद्दल बोलत होते, हेही सुट्टी काढून बसले होते आणि माना डोलावत होते. सगळं इतकं रीतसर चाललं होतं की मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मागच्या दाराखालच्या उजेडात दोन पावलं आली आणि थांबली. मग आणखी दोन. मग पुष्कळ. कुणी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. नाका बंद असेल तर उभं राहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. घराला वळसा घालून जायचं त्यांच्या मनातही आलं नसावं. डोक्यावरची ओझी तशीच. पावलं जड होऊन एकावरून दुसरीकडे भार टाकत होती. भाऊंची नजर त्या चार बोटांच्या उजेडावर खिळली. हातात पोह्यांचा घास, तो ना तोंडात ना ताटलीत. पण ते उठले नाहीत. त्यांनी शब्द दिला होता.

सिंधू चहाचा ट्रे घेऊन आली. खाली मान घालून आली, म्हणून तिलाही ती पावलं दिसली. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग ट्रे खाली ठेवला, मागे गेली आणि अडसर काढला. मावशीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा रांग खोलीतून चालली होती. आणि खुर्चीवर आज नवा साहेब! बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, जुन्यापेक्षा मोठा दिसतो. बायांनी मुनिमांच्या पायाशी लाकडं ठेवली, चारोळीचे द्रोण ठेवले, एकीने डिंकाचा गोळा ठेवला. मुनिमांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. मुलाला पोह्यांचा ठसका लागला. तो हसत होता हे फक्त मला दिसलं. शेवटची म्हातारी साहेबाला वाकून जोहार करून गेली आणि खोलीत शेणावर ओळीने पावलं उरली.

"हे काय हाय?" मुनिमांनी विचारलं. भाऊंना खोटं सुचत नसे. त्यांनी गवंड्याच्या दोरीपासून सगळं सांगितलं.

"म्हनजे हे रोजचंच?"

"रोजचंच."

मुनीम विचार करून म्हणाले, "पाहा भाऊ. पोरगी चांगली हाय. पन सोयरीक म्हटली की आमचे चार लोक इथी येतीन-जातीन. घर घरासारखं पायजे. हे दार बुजवून टाकता का, तेवढं सांगा. मग पुढचं बोलू."

भाऊंनी मान वर केली. मी त्यांना कुणाच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून पाहताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते सिंधूच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "बुजवतो."

त्या दाराला मी स्वतः कमी शिव्या दिल्या नव्हत्या, पण भाऊंचा तो आवाज मला ऐकवला नाही. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या चौकटीतून मावशी बाहेर आली. परक्या पुरुषांपुढे ती कधी बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन ती मुनिमांसमोर उभी राहिली.

"नाई बुजवनार," ती म्हणाली. "तुमी पोरीले पाहाले आले, पोरीले पाहा. ते वाट आमच्या आधीची हाय."

मुनीम उठले. टोपी नीट केली, मुलाला म्हणाले, "चाल." मुलाने आत्याकडे पाहिलं. आत्या सुरुवातीपासून भिंतीशी बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. बांधावर चिखलात उभं राहून जन्म गेलेली बाई. तिच्या पायांच्या भेगा मलासुद्धा दिसत होत्या. ती उठली नाही.

"बस दादा," ती म्हणाली. "चहा थंडा होऊन राह्यला." मग सिंधूला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, दार तू काऊन उघडलं?"

"त्यायच्या डोक्यावर वझं होतं."

"तुले पाहाले लोक बसले हायत, हे माईत होतं ना?"

"होतं."

आत्याने भावाकडे पाहिलं. "माहं पाहून झालं. तुले अजून काई पाहाचं असन तर पाहा."

मुनिमांनी थोडा वेळ टोपी हातात फिरवली आणि ते पुन्हा खुर्चीवर बसले. पाय खाली ठेवायला जागा नव्हती. मुलानेच उठून लाकडं बाजूला केली. चहा थंड झाला होता, तरी सगळ्यांनी प्यायला. येत्या वैशाखात करू, असं मुनीमच म्हणाले.

पाहुणे स्टेशनाकडे गेले. आता घरात आनंदीआनंद होणार म्हणून मी साखर शोधायला लागले, तर मावशी भाऊंसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"बुजवतो म्हनालेच कसे तुमी?"

"पोरीसाठी म्हनलो."

"मी इतके वर्सं सांगून राह्यली, दार बुजवा, दार बुजवा. तवा नाई आयकलं. आन् कोन कुठचा मानूस एकदा म्हनते, तर बुजवतो?" तिचे डोळे भरून आले होते. "माह्या शब्दाले काईच किंमत नाई का या घरात?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे.

"तू म्हनत होती तवा मले माईत होतं," ते म्हणाले, "मी खरंच बुजवाले गेलो, तर तू बुजवू देनार नाई."

मावशीने पदराने डोळे पुसले, शेणाची पाटी ओढली आणि पावलांनी भरलेली ती तिरपी खोली पुन्हा सारवायला घेतली; उद्या बाया त्यातूनच जाणार, हे तिलाही माहीत होतं.